मस्की मासा व आमिषाचें माप

उत्तर अमेरिकेंतील पंचमहासरोवरें, सेंट लॉरेन्स नदी व मिसिसिपीचें वरचें खोरें हीं मस्केलंज ऊर्फ मस्की माशाचीं मूळ वसतिस्थानें होत. विस्कॉन्सिन राज्यानें १९५५ सालीं यास राज्याचा मासा म्हणून मान दिला.

हा मासा पकडणारांपुढें पहिला प्रश्न असतो तो कृत्रिम आमिष केवढें असावें, हा. मोठ्या माशास मोठेंच आमिष, हा नियम सर्वकाळ लागू पडत नाहीं. वसंतांत पाणी थंड व मासा मंद असतो. तेव्हां ४ ते ६ इंचांचें आमिष सावकाश ओढावें. उन्हाळ्यांत ६ ते १० इंच ठीक. शरदाच्या अखेरीस सिस्को मासे अंडीं घालण्यास उथळ जागीं येतात व मस्की त्यांच्या पाठीस लागतो; तेव्हां १० इंचांहून मोठें आमिष उपयोगी पडतें. गढूळ पाण्यांत, माशास चाहूल लागावी म्हणून, पाणी अधिक हलविणारें आमिष घ्यावें. दांत तीक्ष्ण असल्यानें दोरीच्या टोकास तार हवीच.

मात्र पाण्याचें उष्णमान ८० अंश फॅरनहाइटच्या घरांत गेलें म्हणजे जाणते लोक गळ आवरतात. कारण त्या पाण्यांत झगडून थकलेला मासा सोडून दिला तरी पुष्कळदां दगावतो. आणि मादी अंडीं घालण्याजोगी होण्यास कित्येक वर्षें लागतात. वाचकहो, वाफसा पाहिल्यावांचून आपण पाभर धरीत नाहीं; गळ टाकणारानेंही आधीं पाणी पाहावें, मग आमिष निवडावें.