एका नावाखाली तीन पक्षी

कस्तूर कुळातील ‘प्लेन-बॅक्ड थ्रश’ ही दीर्घकाळ एकच प्रजाती मानली जात असे. मात्र २००९ मध्ये पश्चिम अरुणाचल प्रदेशात पेर आल्स्ट्रॉम व शशांक दळवी या संशोधकांना तिच्या गायनात भेद आढळला. वृक्षरेषेवरील खडकाळ प्रदेशातील पक्ष्याचा स्वर कर्कश, तर सूचिपर्णी वनातील पक्ष्याचा मधुर होता. शरीररचना व डीएनएच्या तपासणीनंतर २०१६ मध्ये तीन स्वतंत्र प्रजाती निश्चित करण्यात आल्या. खडकाळ प्रदेशातील अल्पाइन थ्रश, मध्य चीनमधील सिचुआन फॉरेस्ट थ्रश आणि पूर्व हिमालयातील हिमालयन फॉरेस्ट थ्रश. यांपैकी शेवटच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव मुंबईत जन्मलेले पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या सन्मानार्थ ठेवण्यात आले. रूपसाम्यामुळे तिघांची नोंद एकाच नावाने होत होती; आता प्रत्येकाची स्थिती स्वतंत्रपणे तपासणे शक्य झाले आहे.