संगणकाची मुदत : घरासाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

यंदा गणपतीच्या दिवसांत आमच्या घरच्या संगणकानं मान टाकली. आरत्यांच्या पुस्तिकेचं काम अर्धवट होतं. माझी बायको गेली बावीस वर्षं आकुर्डीत घरबसल्या मराठी अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. मी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेला माणूस. यंत्र बिघडलं की माझ्याकडं बघायचं, हा घरचा नियम. पॉवर सप्लाय बदलून पुस्तिका पार पाडली, पण नवा संगणक घेणं आता भाग होतं.

दुकानात किंमत ठरली आणि दुकानदारानं विचारलं, "काका, विंडोज कोणती टाकू? टेन टाकतो. हलकी आहे, सगळं चालतं. इलेव्हनची नसती कटकट." मी "उद्या सांगतो" म्हणून परत आलो. त्या उद्याला तीन आठवडे लागले. त्या काळात जे वाचलं आणि घरच्या यंत्रांवर तपासून पाहिलं, ते इथं मांडतो.

स्कूटर आणि विंडोज

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर यांना कामं वाटून देणं आणि कोणता प्रोग्रॅम कशाला हात लावू शकतो हे ठरवणं, हे त्याचं काम. हा कारभारी जुना असला तर बिघडलं काय, असं मलाही वाटत होतं. आम्ही आकुर्डीची माणसं. जुन्या वस्तूवर आमचा विश्वास. इथल्या बजाजच्या कारखान्यातून निघालेली चेतक स्कूटर बंद होऊन किती वर्षं झाली, तरी ती चालवणारे लोक आहेतच. कंपनीनं भाग बनवणं थांबवलं तरी मेकॅनिक असतो, लेथ असते, बुश घासून बसवता येतो.

इथंच माझा हिशेब चुकत होता. स्कूटर उघडून बघता येते. विंडोजचा मूळ कोड कंपनीपाशीच असतो. बाहेरच्या मेकॅनिकला तो उघडता येत नाही, त्यामुळं आतलं छिद्र रीतसर बुजवणं कंपनीच्याच हाती. शिवाय स्कूटर तिच्या गतीनं झिजते. सॉफ्टवेअर झिजत नाही, त्याला बाहेरून कोणीतरी फोडायला बसलेलं असतं.

दुसरा मंगळवार

मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. आवृत्तीची मुदतही बहुधा अशाच मंगळवारी संपते. विंडोज एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० ची तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. म्हणजे दुकानदार मला जी 'हलकी' आवृत्ती देत होता, तिची मुदत त्या वर्षीच्या वसुबारसेच्या तीन दिवस आधी संपणार होती.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि म्हणूनच हा धोका लक्षात येत नाही. नव्या आवृत्तीतलं एखादं छिद्र बुजवलं, की ते कुठं होतं हे दुरुस्ती अभ्यासून शोधता येतं. नव्या आणि जुन्या आवृत्तीत बराच कोड सामाईक असतो. तेच छिद्र जुनीत असेल तर ते कायमचं उघडं राहतं, आणि फोडणाऱ्याला त्याचा पत्ता आयता मिळतो.

याचं एक उदाहरण फार लांबचं नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका छिद्रावर दुरुस्ती दिली. ते छिद्र वापरून त्याच वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' जगभर पसरला. मग २७ जूनला आलेल्या 'नॉटपेट्या'नं न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. दुरुस्ती लावलेली यंत्रं सगळीच वाचली असंही नाही. नॉटपेट्या जाळ्यातले पासवर्ड चोरूनही पुढं सरकत होता. तरी एक उघडं दार दुरुस्ती लावून बंद करता येत होतं. आमच्या जुन्या संगणकावर तर एका दुकानदारानं 'स्लो होतो' म्हणून अपडेटच बंद करून दिले होते, आणि हे मला यंदा कळलं.

इलेव्हन म्हटलं की झालं का?

नाही. विंडोज ११ च्या आतही आवृत्त्या आहेत. '२४एच२' यातला '२४' म्हणजे २०२४ साल आणि 'एच२' म्हणजे वर्षाचा उत्तरार्ध. घरगुती होम आणि प्रो प्रकारांत प्रत्येक आवृत्तीला २४ महिने दुरुस्त्या मिळतात. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि ३० सप्टेंबरला आलेल्या २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. एकातून दुसरीत जायला पैसे पडत नाहीत. दुकानातल्या यंत्रावर कोणती आहे हे पाहायला विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबून 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत लिहायचा. दोन ओळींत उत्तर मिळतं.

दुसरा घोळ होम की प्रो याचा. प्रोमध्ये आपला संगणक दुसरीकडून चालवण्याची सोय आणि कार्यालयाला लागणारी नियंत्रणं असतात. घरी अक्षरजुळणी, बँक आणि नातवाचा अभ्यास एवढंच असेल, तर होम पुरते. आपल्याकडं बऱ्याच यंत्रांवर 'होम सिंगल लँग्वेज' लिहिलेलं दिसतं आणि लोक घाबरतात. तिथं 'एक भाषा' म्हणजे मेन्यूची भाषा. मराठी टाइप करायला कोणतीच आडकाठी नाही. इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतो, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिक कळफलक २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो.

जुनं यंत्र असेल तर

विंडोज ११ साठी ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी. ती वेगळी चिप असते किंवा प्रोसेसरमध्येच असते. शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा २०१६ चा लॅपटॉप सहाव्या पिढीचा, म्हणजे यादीबाहेर.

अशा यंत्रापुढं दोन वाटा आहेत. विंडोज १० ठेवून कंपनीच्या वाढीव योजनेत नोंद केली, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ही फक्त एका वर्षाची उसंत. दुसरी वाट लिनक्सची. तिथं कोड खुला असतो, म्हणजे स्कूटरसारखा मेकॅनिकला उघडता येतो. पण तिथंही तारीख बघावीच लागते. उबुंटूच्या 'एलटीएस' आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने. एप्रिल २०२४ मधली २४.०४ एलटीएस २०२९ पर्यंत चालेल, आणि तिच्यावर उभी असलेली लिनक्स मिंट २२ सुद्धा. आपल्या सी-डॅकनं डेबियनवर उभारलेली 'बॉस' लिनक्सही आहे. लॅपटॉपवर मी मिंट घातली. नातू दुसऱ्या दिवशी विसरलाही की काही बदललंय.

अक्षरांची अडचण

खरी गाठ बायकोच्या फायलींपाशी होती. बावीस वर्षांतलं निम्मं काम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीतलं. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड विंडोजमध्ये आलं, पण छपाईच्या धंद्यात जुने फॉण्ट पुढं कितीतरी वर्षं चालले. त्यांत 'क' हा क म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, आणि कोणत्या जागेवर कोणता आकार हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉण्ट नसला की स्मरणिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

तिचा तो जुना फॉण्टचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर बसेना. कारण शोधलं. त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा होता. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. दुकानदाराची 'टेन', तीही ३२ बिटची, घेतली असती तर हा प्रश्न लगेच सुटला असता. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, मग मला जुनंच राहू द्या. गिऱ्हाईक तुमची तारीख विचारत नाही, पत्रिका मागतं."

तिचं खोटं नव्हतं. उत्तर मला माझ्याच नोकरीत सापडलं. आमच्या शॉपमध्ये एका मशिनचा संगणक एक्सपीवर चालायचा, कारण मशिनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नव्हतं. तो आम्ही बदलला नाही. त्याची नेटची वायर मात्र काढून टाकली होती. जुनी आवृत्ती ठेवायला हरकत नाही. ती ठेवून बाहेरचं दार उघडं ठेवणं ही चूक.

शेवटी काय ठरलं

नवा संगणक विंडोज ११ होमचा घेतला. परवाना यंत्रासोबत आलेला, बिलावर लिहिलेला. घरी आणल्यावर २५एच२ वर नेला. कंपनीचं खातं जोडून सुरुवात केली की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, हे वाचलं होतं. म्हणून तिची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवली. ती हरवली आणि कुलूप अडलं, तर आपल्याच फायली आपल्याला मिळत नाहीत. बँकेचं काम आणि गिऱ्हाइकांचे मेल याच यंत्रावर.

जुना संगणक फेकला नाही. त्याची नेटची वायर काढली. जुनी फाईल लागली की बायको तिथं उघडते, छापील प्रत काढते, आणि मजकूर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये आणते. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरतात, त्यामुळं प्रत्येक पान वाचावं लागतं. आतापर्यंत एकतीस फायली झाल्या. ने-आण करणाऱ्या पेनड्राइव्हची तपासणी दरवेळी होते, आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असते.

खंडेनवमीला दोन्ही यंत्रांना झेंडू वाहिला. मग कारखान्यातल्या सवयीनं दोन चिठ्ठ्या चिकटवल्या, जशा आम्ही मशिनवर पुढच्या देखभालीच्या लावायचो. जुन्यावर लिहिलं, 'नेट जोडू नये'. नव्यावर लिहिलं, '१२ ऑक्टोबर २०२७'. बायकोनं ती तारीख वाचली आणि विचारलं, "तोवर माझ्या सगळ्या फायली होतील ना?" रोज एक केली तर होतील, असा हिशेब मी तिला करून दाखवला.