रस्त्याच्या टोकाशीं सूर्यास्त

सूर्य पश्चिमेस मावळतो, हें वाक्य आपण पहिल्या इयत्तेपासून घोकीत आलों आहों. परंतु तें मार्चमध्यें २० तारखेच्या व सप्टेंबरमध्यें २२ तारखेच्या आसपासच काय तें बिनचूक खरें असतें. एरवीं अस्ताचें स्थान हिवाळ्यांत दक्षिणेकडे व उन्हाळ्यांत उत्तरेकडे सरकतें. या सरकण्यामुळें अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं दरसाल एक मोठी मौज घडते.

मे महिन्याच्या २९-३० तारखेच्या व पुनः जुलैच्या ११-१२ तारखेच्या सुमारास मॅनहॅटन बेटावरील आडव्या रस्त्यांत उभें राहिलें असतां सूर्यबिंब नेमकें रस्त्याच्या टोकाशीं, दोहों बाजूंच्या उत्तुंग इमारतींच्या मधोमध, क्षितिजास टेकलेलें दिसतें. चौतिसाव्या व बेचाळिसाव्या क्रमांकाच्या रुंद रस्त्यांवर तर पाहणारांची झुंबड उडते. नील डीग्रास टायसन या ज्योतिर्विदानें या योगास ‘मॅनहॅटनहेंज’ हें नांव रूढ केलें. इंग्लंडांत स्टोनहेंज नांवाचें प्राचीन पाषाणवर्तुळ आहे. त्याची रचना वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाच्या रोखानें केलेली आहे, त्यावरून हें नांव.

मात्र दोहोंत भेद आहे. स्टोनहेंज रचणारांची दृष्टि आकाशाकडे होती, न्यूयॉर्क आंखणारांची जमिनीकडे. १८११ सालीं तीन कमिशनरांनीं शहराच्या वाढीचा नकाशा तयार केला. काटकोनी घरें बांधण्यास स्वस्त व राहण्यास सोईचीं, हा त्यांचा व्यवहारी हिशेब. बेट तिरपें, म्हणून रस्तेही खऱ्या दिशांपासून सुमारें २९ अंश कललेले निघाले.

आतां गंमत अशी कीं, न्यूयॉर्कच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या उत्तरेस जवळजवळ ३२ अंशांवर मावळतो. एकोणतीस हा आंकडा या मर्यादेच्या आंत आहे. म्हणून सूर्य उत्तरेकडे जातांना एकदां व परततांना एकदां रस्त्याच्या रेषेंत सांपडतो. रस्ते आणखी पांच अंश कलले असते, तर हा योग कधींच आला नसता. मुंबईस ही मर्यादा सुमारें २५ अंशच आहे. मॅनहॅटनचे रस्ते जसेच्या तसे तेथें आणून ठेवले, तर सूर्यास्त त्यांना सदाच हुलकावणी देईल! शिकागोचे बहुतेक रस्ते सरळ चार दिशांस धरून असल्यानें तेथें हाच देखावा दिवस व रात्र समान असतात तेव्हां दिसतो.

दरवेळीं दोन दिवस कां, असें कोणी विचारील. सूर्य तेथें सरळ खालीं उतरत नाहीं. उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, घसरत घसरत मावळतो. मे महिन्यांत पहिल्या दिवशीं तो रस्त्याच्या रेषेंत येतो तों अर्धा बुडालेला असतो. दुसऱ्या दिवशीं त्याची वाट किंचित् उत्तरेस सरकलेली असल्यामुळें तो ती रेषा थोडा आधीं, थोड्या उंचीवर गांठतो, आणि पूर्ण बिंब दिसतें. जुलैंत हाच क्रम उलटा होतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गांवांतील सरळ रस्त्याची दिशा होकायंत्रानें मोजून पाहा. ती पश्चिमेपासून कोणत्याही बाजूस २४ अंशांच्या आंत असेल व समोरचें क्षितिज मोकळें असेल, तर वर्षांतून दोन वेळां सूर्य त्या रस्त्याच्या टोकाशीं येणारच. त्या तारखा हुडकून काढतां येतात. मात्र प्रखर बिंबाकडे उघड्या डोळ्यांनीं टक लावूं नये, दुर्बिणींतून तर मुळींच पाहूं नये. आणि गाड्यांच्या वाटेंत उभें न राहतां कडेच्या पायवाटेवरूनच पाहावें.