बल्लोके ते डॅलस

शिवालिकच्या पायथ्याशी चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे. तेथील चंडीच्या देवळावरूनच चंडीगड हे नाव पडले. पश्चिम कमांडचे मुख्यालय तेथे असल्यामुळे मराठी जवानांना तो परिसर परका नाही. छावणीतून नैर्ऋत्येस पंजाबच्या मैदानात उतरले की बर्नाला जिल्हा लागतो. त्यातील बल्लोके हे सतनामसिंग भमराचे गाव.

धंदेवाईक खेळाडू म्हटले की आपण किंचित नाक मुरडतो. पण आपल्याकडे बास्केटबॉल जगला तो बव्हंशी नोकरीच्या आधाराने. सेनादल, रेल्वे, पोलीस यांनी खेळाडूंना पदे दिली आणि त्यांच्याकडून आपापले संघ उभे केले. पगार पदाचा, खेळ ही पात्रता. केवळ खेळाचेच मोल घेऊन जगणारा भारतीय बास्केटबॉलपटू फार उशिरा निर्माण झाला.

सतनामचा जन्म १९९५ चा. वडील बलबीरसिंग शेतकरी, शिवाय पिठाच्या गिरणीचे मालक, आणि स्वतः सात फुटांहून उंच. त्यांनाही हा खेळ खेळायचा होता. पण वडीलधाऱ्यांनी त्यांना शेतीशी बांधून ठेवले. मुलाच्या बाबतीत त्यांनी तसे होऊ दिले नाही. त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पाठविले. २०१० मध्ये फ्लॉरिडातील एका क्रीडासंस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी देशभरातून जी आठ मुले-मुली निवडली गेली, त्यांत हा चौदा वर्षांचा, इंग्रजी न जाणणारा मुलगा होता.

अमेरिकेतील एन.बी.ए. या संघटनेत नवे खेळाडू निवडण्याची एक रीत आहे, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. २०१५ मध्ये तीस संघांनी दोन फेऱ्यांत साठ खेळाडू पुकारले. २५ जून रोजी डॅलस मॅव्हरिक्सने बावन्नावे नाव घेतले ते सतनामचे. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. वर्तमानपत्रे हर्षभरित झाली. मात्र एक गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही : पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीतल्याला ती नसते. निवड म्हणजे दार किलकिले होणे, आत प्रवेश नव्हे.

दोन हंगाम तो टेक्सास लेजंड्स या दुय्यम संघात राहिला. मैदानावर फार थोडा वेळ मिळे. एन.बी.ए.चा एकही अधिकृत सामना तो खेळू शकला नाही. सात फूट दोन इंच उंचीचा, टोपलीखाली ठाण मांडणारा खेळाडू पूर्वी संघाचा आधारस्तंभ असे. नेमक्या त्याच वर्षांत खेळ दुरून मारलेल्या तीन गुणांच्या फेकींकडे आणि चपळ धावण्याकडे वळला. दोष एकट्या सतनामचा होता असे मला वाटत नाही.

पुढे तो कॅनडातील सेंट जॉन्स एज संघाकडून खेळला. २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेपूर्वीच्या चाचणीत त्याच्या नमुन्यात हायजेनामाइन हे निषिद्ध द्रव्य आढळले. आपण ते जाणूनबुजून घेतले नाही, असे त्याने सांगितले. तरी दोन वर्षांची बंदी लागली. ऐन उमेदीची वर्षे तशी गेली.

दरम्यान लुधियानाच्या त्याच अकादमीतले अमृतपालसिंग २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडे, तर चंडीगडचे अमज्योतसिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेले. सतनामने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यावसायिक कुस्तीसंस्थेशी करार केला आणि पुढच्याच वर्षी तो आखाड्यात उतरला.