हळू धावायला शिकताना

धावायला नव्याने लागलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांतच हरतो, आणि त्याला हरवतो तो त्याचाच वेग. शाळा सुटल्यापासून जो फक्त गाडी चुकू नये म्हणून धावला, त्याच्या लेखी धावणे म्हणजे जीव तोडून पळणे. पहाटे रस्त्यावर उतरला की तो तसाच सुटतो. दीडदोनशे मीटरवर छाती भरते, कुशीत कळ येते, तोंड कोरडे पडते आणि ‘हे आपल्या वयाचे काम नाही’ असा निकाल लावून तो घरी परततो. निकाल चुकीचा असतो. त्याला धावणे जमले नाही असे नसून हळू धावणे जमलेले नसते, आणि नवशिक्याचे सगळे शिक्षण तेवढ्याभोवतीच फिरते.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्यासारख्या गावात ही चूक जास्त होण्याला कारण आहे. पहाटे इथल्या अंजनगाव बारी रोडवर किंवा कोंडेश्वरच्या वाटेवर दोन प्रकारचे धावणारे दिसतात. एक भरतीची पोरे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. ५० पैकी २० गुण या एका धावेचे. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत संपवायचे. मुलाचा हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या घरात जातो. दुसरे धावणारे म्हणजे साखर निघालेले, पोट सुटलेले, बाळंतपणानंतर वजन न उतरलेले, रेल्वेत पाळीने ड्युटी करणारे, दुकानात दिवसभर बसणारे. यांचा योग्य वेग ताशी सात-आठ किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला साडेसात ते साडेआठ मिनिटे. भरतीचे पोरगे शेजारून सुसाट गेले की दुसऱ्या गटातल्या माणसाला आपण रांगतो आहोत असे वाटते आणि नकळत त्याचे पाय उचलतात. नोकरीसाठी धावणे आणि तब्येतीसाठी धावणे हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलेले बरे.

शिकण्याची रूढ रीत चालणे आणि धावणे आलटून पालटून करण्याची आहे. अमेरिकेतल्या जॉश क्लार्क या तरुणाने १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईसाठी नऊ आठवड्यांचा एक पाठ आखला. बैठ्या माणसाला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा हा पाठ पुढे जगभर पसरला. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपझप चालायचे, मग ६० सेकंद धाव आणि ९० सेकंद चाल अशी जोडी वीस मिनिटे चालवायची. म्हणजे आठ जोड्या, आणि त्यात प्रत्यक्ष धावणे जेमतेम आठ मिनिटांचे. एवढ्याने काय होणार, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सलग वीस मिनिटे आणि नवव्यात सलग अर्धा तास धावायचे असते; उत्तर तिथे मिळते.

प्रत्यक्षात हे असे दिसते. रस्त्याच्या कडेला सातआठ जण जमलेले. कोणी ट्रॅक पॅन्टमध्ये, कोणी सलवार-कमीजवर ओढणी कमरेला गच्च बांधून, एखाद्या काकू साडीवर पांढरे बूट घालून. एकाच्या हातात मोबाइल, त्यात घड्याळ लावलेले. ‘चला’ म्हटले की सगळे सुटतात, ‘चाला’ म्हटले की चालू लागतात. वेग बरोबर आहे की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही, गप्पा पुरतात. धावता धावता कोणी विचारते, “काकू, डब्याले काय केलं आज?” काकूंनी “गवारीच्या शेंगा केल्या, अन् पोराले आवडत नाही म्हणून बेसन,” असे एका दमात सांगितले तर वेग ठीक. नुसते “गवार” एवढेच बाहेर आले तर जास्त झाला. “हयू पया ना बाप्पा, गाडी सुटून नाही राह्यली,” असे लगेच मागून ऐकू येते. बोलता येईल इतकाच वेग ठेवण्याची ही कसोटी व्यायामशास्त्रातही मान्य आहे. बोलणे तुटू लागते त्याच्या आसपास शरीराची प्राणवायूवर भागवण्याची सोय अपुरी पडू लागते आणि स्नायूंत आम्ल साठायला लागते.

पावलांकडेही पाहण्यासारखे असते. नवशिका लांब ढांग टाकतो; टाच शरीराच्या बरीच पुढे रस्त्यावर आपटते आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो, आणि संथ धावेत एका किलोमीटरला हजार-बाराशे पावले पडतात. ढांग आखूड केली, पावले थोडी भरभर टाकली की पाऊल अंगाखाली पडते आणि आवाज कमी होतो. खांदे कानांपाशी गेलेले असतात ते खाली सोडायचे, मुठी सैल ठेवायच्या. याहून अधिक तंत्र पहिल्या महिन्यात शिकवू नये, माणूस गोंधळतो.

दोन-तीन आठवड्यांत दम टिकू लागतो आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. शरीराचे सगळे भाग एका चालीने तयार होत नाहीत. रक्तातला द्रवभाग पहिल्या पंधरवड्यातच वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींची ऊर्जा तयार करण्याची ताकद काही आठवड्यांत वाढते. स्नायुबंध आणि हाडे मात्र महिने घेतात. हाड नव्या भाराला जुळवून घेताना आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा बांधते, त्यामुळे मधल्या काळात ते थोडे कच्चे असते. छाती म्हणते ‘अजून दोन किलोमीटर’, नडगीचे हाड त्याला तयार नसते. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागणे ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार, आणि तिचे मूळ बुटांपेक्षा उतावळेपणात जास्त असते. दुखणे पसरट असेल आणि चालल्यावर सैल होत असेल तर चारदोन दिवस विश्रांती पुरते. एकाच बोटभर जागेवर दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणे थांबवून हाडाच्या डॉक्टरकडे जावे.

डॉक्टरकडे काहींनी सुरुवातीआधीच जायला हवे. रक्तदाब, मधुमेह, छातीत पूर्वी कधी दुखलेले, घरात कमी वयात हृदयविकार झालेला, अशा माणसाने तपासणी करूनच उतरावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर धावल्यावर एकदम खाली येऊ शकते. त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि सोबत्यांना ते सांगून ठेवावे. भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधल्या पाहणीत निघाला. म्हणजे सातआठ जणांच्या टोळक्यात मधुमेहाचा एखादा असण्याची शक्यता बरीच.

आता एकमेकांना धीर देण्याविषयी. सोबतीने माणूस जास्त जोर लावतो हे जुने निरीक्षण. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी संशोधकाने सायकलस्वारांच्या नोंदींवरून दाखवले की एकट्यापेक्षा इतरांसोबत वेग वाढतो. १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो क्योलर याने नौकानयनपटूंना वजने उचलायला लावली, कधी एकट्याने तर कधी जोडीने. जोडीतला दुबळा गडी एकट्याने करतो त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. मात्र हा फायदा दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असतानाच चांगला दिसला. फरक फार मोठा झाला की तो ओसरला. नवशिक्याला भरतीच्या पोराच्या जोडीला बांधणे व्यर्थ आहे, त्याचे कारण यात सापडते. दोन महिन्यांपूर्वी स्वतः धापा टाकणारा माणूसच नव्याला जास्त उपयोगी पडतो.

‘भाग, भाग’ असे ओरडणे म्हणजे प्रोत्साहन नव्हे. त्याने वेग वाढतो, आणि वेग तर कमी करायचा असतो. खरे प्रोत्साहन रचनेत असते. एक साधी रचना अशी : अंतर ठरवायचे नाही, वेळ ठरवायची. सगळ्यांनी एका दिशेने बारा मिनिटे जायचे आणि शिट्टी वाजली की असेल तिथून वळायचे. जो पुढे गेला होता तो आपोआप शेवटी येतो, जो मागे होता तो पुढे होतो, आणि परतीच्या ठिकाणी सगळे जवळपास एकाच वेळी पोहोचतात. शेवटच्या माणसासाठी कोणी ताटकळत नाही, त्यामुळे त्याला लाजही वाटत नाही. हीच लाज बहुतेकांना, विशेषतः बायकांना, तिसऱ्या दिवशी घरी बसवते. दुसरी गोष्ट म्हणजे ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ. कोणी खाली उभे आहे एवढ्या माहितीने गजर बंद करून पुन्हा झोपणे अवघड होते. पाळीच्या ड्युटीवाल्यांची मात्र यात गैरसोय होते. त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक वेगळा जोडीदार धरावा लागतो.

तब्येतीसाठी सावकाश, घोळक्याने धावण्याची आजची रीत न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला १९६० च्या दशकाच्या आरंभी आकाराला आली. प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड तिथे मध्यमवयीन आणि हृदयविकार होऊन गेलेल्या लोकांना धावायला लावत असे. १९६२ मध्ये अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बावरमन तिथे गेले आणि या लोकांसोबत निघाले. थोड्याच अंतरात त्यांची दमछाक झाली. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकारातून उठलेला एक गृहस्थ वेग कमी करून त्यांच्यासोबत राहिला आणि बोलत बोलत त्यांना परत घेऊन आला. बावरमन यांनी ही पद्धत अमेरिकेत नेली. खुद्द अमरावतीत सामुदायिक व्यायामाची परंपरा त्याहून जुनी आहे. वैद्य बंधूंचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळ करून दाखवले होते. पण आखाड्याची वाट तरुण पोरांची होती. चाळिशीतली गृहिणी किंवा पन्नाशीतला कारकून त्या वाटेला क्वचितच गेला. रस्त्यावरच्या धावण्याने ती अडचण मोडली.

वऱ्हाडात ऋतूला विचारल्याशिवाय हे काही करता येत नाही. मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंशांवर असते आणि डांबरी रस्ता संध्याकाळी उशिरापर्यंत वाफारत राहतो. उन्हाळ्यात धावायचे तर पहाटेच, आणि उजाडून ऊन चढण्याआधी घर गाठायचे. उन्हात त्वचेकडे जास्त रक्त जात असल्याने त्याच वेगाला नाडी जास्त पडते. म्हणून तेव्हा घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. इथली काळी कपाशीची माती ओली झाली की बुटाच्या तळाला थरावर थर चिकटतो, पाय किलोभर जड होतो, आणि शेताच्या बांधाने धावणे म्हणजे पाय मुरगळून घेणे. तेव्हा मुरमाची वाट किंवा पक्का रस्ता बरा. शिकायला सुरुवात करायची तर दिवाळीनंतरची थंडी सर्वांत चांगली. नऊ आठवडे संक्रांतीच्या आगेमागे पुरे होतात.

रस्त्याचेही नियम आहेत. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एका रांगेत, कानात काही न घालता धावावे. अंधारात अंगावर पांढरा किंवा चमकणारा कपडा असावा. कुत्रे मागे लागले तर थांबून चालावे. पळणाऱ्याचा पाठलाग ते जास्त करते. कोंडेश्वरच्या बाजूला पोहरा-मालखेडचे जंगल लागते आणि तिथे बिबट्याचा वावर आहे, म्हणून त्या वाटेला उजाडल्यावर आणि सोबतीनेच जावे.

वजन उतरण्याच्या हिशेबात मात्र नव्या माणसाची फसगत होते. ढोबळमानाने एका किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे एक किलोकॅलरी खर्च होते. सत्तर किलोचा माणूस तीन किलोमीटर धावला तर दोनशेच्या आसपास. परतताना टपरीवर घेतलेल्या एक-दोन कचोऱ्या तेवढे व्याजासह परत करतात, आणि टोळक्याने धावणाऱ्यांना टपरी टाळणे एकट्यापेक्षा अवघड जाते. पहिल्या दोन महिन्यांत काटा फारसा हलत नाही. झोप, जिना चढतानाचा दम आणि उपाशीपोटीची साखर यांत फरक आधी दिसतो. मोजायचे तर ते मोजावे.

खंड सगळ्यांनाच पडतो. लग्नसराई, परीक्षा, ताप, पेरणी, बदलीची पाळी. दोन आठवडे चुकले तर दोन आठवडे मागचा पाठ पुन्हा धरावा. महिन्याहून अधिक गेले तर ६० आणि ९० सेकंदांपासून मुकाट्याने सुरुवात करावी. दुसऱ्या वेळी नऊ आठवडे लागत नाहीत, कारण कमावलेले सगळेच जात नाही. आणि परत आलेल्या माणसाला ‘इतके दिवस कुठं होते’ असे सोबत्यांनी विचारू नये. परवा किती वाजता निघायचे तेवढे सांगावे.