मोरांच्या डोंगरात सायकलची वाट

पावसाची दोन-चार नक्षत्रे चांगली पडली की बालाघाटचा रंग बदलतो. एरवी करपलेले माळ हिरवे होतात, सौताडा आणि कपिलधारचे धबधबे कोसळू लागतात आणि पाटोदा, मांजरसुंबा परिसरातील रस्ते सुटीच्या दिवशी गजबजतात. या गर्दीत जाड टायरच्या, गिअरच्या सायकलीही असतात. डांबरी घाट चढून झाला की सायकलस्वाराचे लक्ष शेजारच्या पायवाटेकडे जाते. डोंगर आहे, झाडी आहे, गुराख्यांच्या वाटा आहेत. मग चाक तिकडे वळवायला हरकत काय?

हरकत आहे आणि तिच्यावर उपायही आहे. दोन्ही समजून घ्यायचे तर माती, पाणी, मोर आणि माणसाचे शरीर या चार गोष्टींकडे पाहावे लागते.

डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलीचा, म्हणजे माउंटन बाइकचा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टेकड्यांवर रुजला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. रुंद टायर, पुढच्या चाकाला धक्के शोषणारा काटा आणि चढासाठी हलके गिअर यामुळे ही सायकल खडकाळ वाटेवरही चालते. परंतु सायकल चालते म्हणून वाट टिकतेच असे नाही.

जंगल थोडे, म्हणून जपून

बालाघाट ही सह्याद्रीची पूर्वेकडे गेलेली शाखा. तिच्या उत्तरेचे पाणी गोदावरीला, तर दक्षिणेचे भीमेच्या खोऱ्यात जाते. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या याच डोंगरांत उगम पावते. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण ६७० मिलिमीटर, म्हणजे बेताचाच. वनाखालील जमीनही अगदी थोडी. त्यामुळे पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याचे मोल क्षेत्रफळापेक्षा मोठे आहे. १९९४ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरचे असून, नावाप्रमाणे ते मोरांसाठी राखलेले आहे.

अभयारण्यात कोणी कसेही फिरू शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील कलम २७ प्रवेशावर निर्बंध घालते, तर कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळू शकतो. म्हणजे सायकलला दार कायमचे बंद नाही. पण ते उघडायचे की नाही, कुठे आणि केव्हा, हे वन विभागाने ठरवायचे आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात. तेथेही सायकल फिरते ती ठरलेल्या रस्त्यावरून, झाडीत घुसून नव्हे.

यामागचे कारण मोराच्या दिनक्रमात सापडते. मोर रात्री झाडावर बसतो, पण लांडोर अंडी घालते जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला. पावसाळा हा त्यांच्या विणीचा काळ. चार-सहा अंड्यांवर एकटी लांडोर जवळपास चार आठवडे बसते. वारंवार दचकून ती घरट्यावरून उठली, तर अंडी कोल्हा, मुंगूस किंवा मोकाट कुत्र्याच्या तोंडी जाण्याचा धोका वाढतो. डोंगर हिरवा झाला म्हणून सायकलस्वाराला जे महिने सर्वांत मोहवतात, नेमके तेच लांडोरीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात.

सायकलमुळे वन्यजीव किती बिचकतात, याचा अभ्यास परदेशात झाला आहे. अमेरिकेतील अँटिलोप आयलंड येथे झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गवे आणि हरणे पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना जवळपास सारखाच प्रतिसाद देतात, असे आढळले. त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. प्राणी जेवढ्या अंतरावरून पळ काढत होते, त्यापेक्षा बरेच जवळ गेले तरी चालते, असे पर्यटकांना वाटत होते. ओरेगॉन राज्यातील जंगलात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एल्क जातीच्या हरणांवर जीपीएस पट्टे बसवले होते. ही हरणे मोटारवाहने आणि सायकली असताना वाटांपासून अधिक दूर राहिली. पायी चालणारे आणि घोडेस्वार असताना हा परिणाम कमी होता. सायकल आवाज करत नाही, वळणावर अचानक समोर येते आणि चालणाऱ्याच्या तुलनेत तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त जंगल ओलांडते. बालाघाटात एल्क नाहीत, पण हे गणित इथेही विचारात घ्यावे लागेल.

वाट झिजवते कोण?

सायकलच्या चाकाने डोंगर उकरला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चालणारे, घोडे, सायकली आणि मोटारसायकली यांची तुलना केली गेली. पायवाटेवरची माती सुटी करण्यात घोड्यांचे खूर आणि माणसांचे पाय चाकांपेक्षा पुढे निघाले. अर्थात कोरड्या वाटेवर सावकाश जाणारे चाक वेगळे आणि उतारावर ब्रेक दाबून घसरत नेलेले चाक वेगळे. घसरणारे चाक वरचा थर खरवडते आणि त्या चरीतून पुढचा पाऊस वाहतो.

खरे नुकसान करते ते पाणीच. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. पायवाट सरळ उतारावरून खाली नेली, तर ती पावसाळ्यात ओहोळ बनते. एकदा घळ पडली की लोक कडेने जातात, वाट रुंदावते आणि गवत आणखी मागे हटते. काळ्या मातीत हे अधिक वेगाने घडते. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते, वाळली की भेगाळते आणि चिखलात उमटलेली चाकोरी महिनोन्महिने तशीच राहते. त्या मानाने मुरमाड जमीन बरी.

म्हणूनच जगभर टिकाऊ वाटा आखताना दोन साधे नियम पाळतात. पहिला, वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर शंभर मीटरमागे वीस मीटर उतरत असेल, तर वाट शंभर मीटरमागे दहा मीटरपेक्षा अधिक चढू नये. दुसरा, संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवावा. शिवाय वाटेची खालची कड किंचित झुकती असावी, म्हणजे पाणी वाटेने न धावता तिला आडवे ओलांडून उतरते. ठरावीक अंतरावर हलका खोलगट भाग ठेवला, तर उरलेले पाणीही तेथे बाहेर पडते.

हे तंत्र बीडच्या गावकऱ्यांना सांगायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. सलग समतल चर खोदताना डोंगरावर समपातळीची रेषा आखावी लागते, ती इथल्या शेकडो हातांनी आखली आहे. २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता. तीन काठ्यांची ‘ए’ आकाराची चौकट आणि मधोमध सोडलेला ओळंबा, एवढ्या साधनावर लोकांनी उतार मोजला. चर पाणी अडवतो आणि चांगली सायकलवाट पाण्याला वेग घेऊ देत नाही. मोजमाप एकाच जातीचे. उलट, आधीच खोदलेल्या चरांवरून आणि बांधांवरून सायकली नेल्या, तर त्यांच्या कडा ढासळून ते बुजतील, हेही याच लोकांना आधी कळेल.

शरीराचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. सायकलिंग त्यात चपखल बसते, कारण गुडघ्यांवर धावण्याइतका आघात होत नाही. डोंगरवाटेवरची सायकल मात्र मध्यम व्यायाम राहत नाही. या खेळाच्या शर्यतींत स्पर्धकांची हृदयगती सरासरी कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास गेल्याचे नोंदले आहे. चढावर हृदयाची, तर उतारावर हात, खांदे आणि कमरेची परीक्षा असते. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांसाठी सोपी कसोटी अशी, की चढावर दोन वाक्ये सलग बोलता येत नसतील, तर गती कमी करावी. उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही.

उतारावरून हँडलवरून पुढे फेकले जाणे हा नेहमीचा अपघात. त्यात मनगट, खांदा आणि गळ्याखालचे हाड सापडते. डोक्याचे रक्षण हेल्मेट करते. ४० अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हेल्मेटमुळे डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असे दिसले.

मराठवाड्यातला दुसरा धोका उन्हाचा. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. दीड-दोन तासांपेक्षा मोठी फेरी असेल तर ओआरएस जवळ ठेवावे. घाम थांबणे, बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत १०८ क्रमांकाला फोन करावा.

दगडधोंड्यांत फुरसे असते. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. चावलेला भाग हलू न देता थेट सर्पदंशावर लस असलेले रुग्णालय गाठावे. २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. तेव्हा पहाटे-सायंकाळी एकट्याने डोंगरात जाणे टाळलेले बरे.

हंगाम कोणता?

या सगळ्याचा मेळ घातला तर उत्तर बरेच स्पष्ट होते. पावसाळ्यात सायकल डांबरी रस्त्यावरच असावी. वाट भिजलेली नाही, लांडोर घरट्यावर नाही आणि ऊन सोसवते, असा काळ साधारण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. वाटा आखायच्याच असतील, तर आधी अभयारण्याबाहेरच्या मुरमाड उतारांवर, जमीन ज्यांची त्यांच्या आणि ग्रामपंचायतीच्या संमतीने आखाव्यात.

नेमक्या याच महिन्यांत बालाघाटातील अनेक गावे ऊसतोडीसाठी रिकामी होतात. सायकलच्या वाटेने हे स्थलांतर थांबेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण वाट आखणे, दरवर्षी पावसानंतर ती दुरुस्त करणे, सोबत जाणे, जेवणाची सोय करणे ही कामे गावातल्याच हातांना मिळाली, तर काही घरांच्या चुली तरी हिवाळ्यात गावातच पेटतील. आणि ज्यांची रोजी त्या वाटेवर आहे, ते जूनमध्ये ती बंद ठेवायला इतरांपेक्षा अधिक तयार असतील.