नऊ बाय पाच

फ्रेडरिक मॅकबिनच्या 'डाऊन ऑन हिज लक' या १८८९च्या चित्रात रानातल्या विझत्या शेकोटीपाशी एक माणूस गाल हातावर टेकवून बसलाय. सोनं शोधायला निघाला होता, हाती काही लागलं नाही. आता उरलीय ती वळकटी. चित्र आज पर्थच्या कलासंग्रहालयात आहे आणि ऑस्ट्रेलियात फार लाडकं आहे. गंमत अशी, की या कफल्लक गड्यासाठी मॅकबिनपुढे बसलेला लुई एब्राहम्स खऱ्या आयुष्यात खाऊनपिऊन सुखी होता. घरचा धंदा तंबाखूचा आणि सिगारचा. स्वतःही चित्रं काढायचा. मॅकबिनने पुढे आपल्या मुलाचं नाव लुई ठेवलं ते याच्यावरून. पण कलेच्या इतिहासात एब्राहम्स टिकून राहिला तो एका व्यापारी कारणाने: त्याच्याकडे सिगारच्या पेट्यांची झाकणं होती, आणि त्याच्या मित्रांना रंगवायला लाकडाच्या छोट्या फळ्या हव्या होत्या.

ही मित्रमंडळी १८८५च्या सुमारास जमली. टॉम रॉबर्ट्स लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून, वाटेत स्पेनमध्ये भटकून त्या वर्षी मेलबर्नला परतला आणि मॅकबिन व एब्राहम्स यांना घेऊन बॉक्स हिल या गावाबाहेरच्या रानात तंबू ठोकायला लागला. शनिवार-रविवार तिथे राहायचं, स्वयंपाक उघड्यावर, चित्रंही उघड्यावर. एकमेकांना टोपणनावं पडली. रॉबर्ट्स 'बुलडॉग', मॅकबिन 'प्रोफेसर', एब्राहम्स 'डॉन'. शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारी करणारा आर्थर स्ट्रीटन त्यांना येऊन मिळाला. सिडनीत शिळाछापाचंच काम केलेला चार्ल्स काँडर १८८८ साली आला. मग मुक्काम हलला मेलबर्नबाहेरच्या हायडलबर्ग गावाजवळच्या ईगलमाँट टेकडीवर. तिथे एक रिकामं घर स्ट्रीटनला राहायला मिळालं होतं. खाली यारा नदीचं खोरं, पलीकडे डँडेनाँगचे निळे डोंगर.

मेलबर्न तेव्हा पैशात लोळत होतं. १८५१नंतरच्या सोन्याने शहर उभं केलं, आणि आता जमिनीच्या सट्ट्याने ते फुगलं होतं. लोक नवी घरं बांधत होते, त्या घरांना भिंती होत्या, आणि भिंतींवर काही तरी टांगायचं होतं. ही बाब लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची कथा बहुतेक वेळा गरीब चित्रकारांची कथा म्हणून सांगितली जाते.

शनिवार, १७ ऑगस्ट १८८९. मेलबर्नच्या टाऊन हॉलसमोर स्वॉन्स्टन स्ट्रीटवर बक्स्टन यांच्या दालनात एक प्रदर्शन उघडलं. नाव 'नाइन बाय फाइव्ह इम्प्रेशन एक्झिबिशन'. नऊ इंच बाय पाच इंच, म्हणजे साधारण २३ बाय १३ सेंटिमीटर. लांब सरकारी लिफाफ्याएवढं, जरासं जास्त रुंद. एकूण १८३ कलाकृती. बहुतेक रॉबर्ट्स, स्ट्रीटन आणि काँडर या तिघांच्या. थोड्या मॅकबिन आणि इतरांच्या, आणि चार्ल्स रिचर्डसन या शिल्पकाराची काही छोटी शिल्पं. सगळीच चित्रं सिगारपेटीच्या झाकणांवर होती असं मात्र नाही. काही पुठ्ठ्यावर होती, काही वेगळ्या फळ्यांवर. पण माप आणि नाव आलं ते झाकणावरूनच.

या लाकडाला सगळीकडे सीडार म्हणतात, पण ते देवदाराच्या नात्यातलं नाही. सिगारपेटीचं झाड वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतलं, कूळ आपल्या कडुनिंबाचं. सह्याद्रीत वाढणारा तूणही त्याच कुळातला, आणि ऑस्ट्रेलियात ज्याला तांबडा सीडार म्हणतात तो तर तूणच. लाकूड हलकं, सुवासिक. कीड लागत नाही आणि आतल्या सिगारची ओल टिकते, म्हणून व्यापाऱ्यांनी ते निवडलं. चित्रकाराला यातलं वेगळंच उपयोगी पडलं. फळी पातळ, सरळ रेषेची, रंधा मारलेली, खिशात मावणारी. शिवाय रंग. कॅनव्हासला पांढरा हात देऊन मग त्यावर उजेड-सावली बसवावी लागते. झाकण मुळातच तपकिरी-नारिंगी असतं. म्हणजे मधली छटा तयार मिळते. वर फक्त आभाळाचा उजेड ठेवायचा आणि खाली झाडांची काळोखी. मधलं लाकूड उघडं सोडलं तरी ते माती म्हणून, वाळलेलं गवत म्हणून चालून जातं. उन्हाळ्यातल्या यारा खोऱ्याला तर ते फारच जवळचं.

ही युक्ती मेलबर्नकरांनी शोधली नव्हती. फ्लॉरेन्सच्या कॅफे मिकेलांजोलोत बसणाऱ्या इटालियन चित्रकारांनी १८५०-६०च्या दशकांतच असल्या छोट्या फळ्या, सिगारपेट्यांची झाकणंसुद्धा, उन्हात नेली होती. जोव्हानी फात्तोरीचं १८६६चं समुद्रकाठच्या मांडवात बसलेल्या बायकांचं चित्र फक्त १२ बाय ३५ सेंटिमीटरचं आहे आणि मला ते त्याच्या मोठमोठ्या युद्धचित्रांहून कितीतरी सरस वाटतं. पॅरिसमध्ये जॉर्ज सरा १८८०च्या दशकात सीन नदीकाठी जाऊन असल्याच झाकणांवर अभ्यास करत होता. त्याच्या फळ्यांवर उघडं लाकूड गवताच्या हिरव्याशेजारी तांबूस रंग म्हणून काम करताना स्पष्ट दिसतं. त्या फळ्यांमधून पुढे त्याची भिंतभर चित्रं झाली.

इथेच मेलबर्नचा फरक आहे. सरासाठी झाकण ही तयारी होती. ती स्टुडिओत राहायची, गिऱ्हाइकासमोर यायचं ते मोठं चित्र. मेलबर्नच्या तिघांनी झाकणालाच चौकट घातली आणि हेच चित्र, यापुढे काही नाही, असं म्हणून विकायला मांडलं.

चौकटीबद्दल जरा थांबायला हवं, कारण छापील प्रतिमांमध्ये ती नेमकी कापलेली असते. त्या काळी निसर्गचित्राला सोनेरी, वेलबुट्टीची, प्लॅस्टरच्या नक्षीची चौकट लागायची. यांनी घेतल्या सपाट लाकडाच्या रुंद पट्ट्या, काही रेडवूडच्या, काही न्यूझीलंडच्या कौरीच्या. काहींवर धातूच्या रंगाचा हात. पट्टी इतकी रुंद, की चौकटीचं क्षेत्रफळ चित्राहून जास्त भरतं. आत पेटीचं लाकूड, बाहेर चौकटीचं लाकूड, आणि मधे चार बोटं आभाळ. चित्र आणि वस्तू यांच्यातली सीमा इथे पुसट होते. भिंतीवरच्या खिडकीतून बाहेर पाहिल्यासारखं वाटावं ही जुन्या निसर्गचित्राची अपेक्षा. इथे आधी एक लाकडी जिन्नस दिसतो आणि मग त्यात संध्याकाळ.

रॉबर्ट्सने हे कुठे पाहिलं असावं याचा माग लंडनला जातो. १८८४ साली व्हिसलरने तिथल्या डॉडस्वेल दालनात छोट्या फळ्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. चौकटी साध्या आणि रुंद, भिंतींचे रंग चित्रांशी जुळवलेले. रॉबर्ट्स तेव्हा लंडनमध्येच होता. मेलबर्नच्या दालनातही नुसती चित्रं टांगलेली नव्हती. रेशमी पडदे सोडले होते, जपानी फुलदाण्या आणि छत्र्या मांडल्या होत्या, फुलं होती, पाहुण्यांना चहा होता. सूचिपत्राचं मुखपृष्ठ काँडरने केलं. किमती काही गिनींच्या, म्हणजे नव्या घरातल्या मध्यमवर्गीय बाईला नवऱ्याला न विचारता घेता येतील अशा. त्याच १८८९ सालात स्ट्रीटनने 'गोल्डन समर, ईगलमाँट' हे दीड मीटर रुंदीचं चित्र कॅनव्हासवर रंगवलं, जे पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसच्या सालोंत लागलं. तेव्हा कॅनव्हास परवडत नव्हता म्हणून बिचाऱ्यांनी झाकणं वापरली, ही हकीकत मला पटत नाही. झाकण त्यांना परवडायचं हे खरं. पण ते त्यांनी निवडलं होतं.

का निवडलं, हे सूचिपत्रातल्या निवेदनात त्यांनीच सांगून टाकलं: काही परिणाम क्षणभरच असतात, ते पकडायचे तर तपशील सोडावा लागतो. सूर्य डोंगराआड गेल्यावर गवतावर राहिलेला गुलाबी उजेड दहा-पंधरा मिनिटं टिकतो. एवढ्या वेळात दीड मीटर कॅनव्हास झाकता येत नाही. नऊ इंच झाकता येतात, तेही रुंद, चपट्या कुंचल्याने, एकेक फराटा जिथल्या तिथे ठेवून. ब्रशच्या रुंदीपेक्षा लहान गोष्ट रंगवायचीच नाही, असा नियमच मापाने घालून दिला. रॉबर्ट्सच्या 'सॅपलिंग्ज'मधली कोवळी निलगिरीची झाडं पाहा. बुंध्यामागे बुंधा, पानं मोजायला एकही नाही, तरी त्या रानातला कोरडा उजेड पक्का. काँडरच्या 'हेरिक्स ब्लॉसम्स'मध्ये बहराला आलेलं झाड आहे आणि त्यातला नाजूकपणा थोडासा गोडच, काँडरला तो मोह नेहमीच होता. स्ट्रीटन सगळ्यांत धीट. 'हॉडल स्ट्रीट, १० पी.एम.'मध्ये रात्रीचा रुंद रस्ता आणि अंधारातले दिवे, एवढंच. 'द नॅशनल गेम'मध्ये तर त्याने फुटबॉलचा सामना याच मापात कोंबला. निसर्ग म्हणजे डोंगर-नदीच, असं या मंडळींनी मानलं नाही. पावसात भिजलेला शहरी रस्ताही त्यांना हवामानच वाटला.

उद्घाटनाच्याच दिवशी 'द आर्गस'मध्ये जेम्स स्मिथचं परीक्षण आलं. स्मिथ मेलबर्नमधला सर्वांत वजनदार समीक्षक, जुन्या वळणाचा, वय सत्तरीकडे झुकलेलं. त्याने सोलून काढलं. बहुतेक चित्रं डोळ्यांना त्रास देणारी आहेत, काही जाड जाळीआडून पाहिल्यासारखी, काही तर फळीवर चुकून रंगाचा डबा कलंडल्यासारखी, असा सूर. तिघांनी काय करावं? ते परीक्षण कापून दालनाच्या दारावरच टाचलं. लोक वाचायचे आणि एवढं वाईट आहे तरी काय म्हणून आत शिरायचे. पुढे त्यांनी वर्तमानपत्राला उत्तरही लिहिलं. प्रदर्शन गाजलं आणि बहुतेक चित्रं विकली गेली.

स्मिथला इतिहासाने विदूषक करून ठेवलंय, पण त्याचं एक म्हणणं खोडता येत नाही. ही कच्ची टिपणं आहेत, असं तो म्हणत होता, आणि काल-परवापर्यंत सगळे चित्रकारही त्यांना कच्ची टिपणंच म्हणत होते. त्या चित्रांतली काही खरोखरच घाईची आहेत. झाकणाने दिलेली सूट आणि झाकणाने शिकवलेली शिस्त या दोन्ही त्या भिंतींवर शेजारीशेजारी टांगलेल्या होत्या.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक धागा जवळचा निघतो. काँडर लंडनजवळ जन्मलेला, पण बाप रेल्वेचा अभियंता असल्यामुळे त्याची पहिली काही वर्षं हिंदुस्थानात गेली. १४ मे १८७३ रोजी त्याची आई मुंबईत वारली. वय अवघं एकतीस. मुलगा चार वर्षांचा. त्यानंतर त्याला इंग्लंडला धाडण्यात आलं, शाळा-वसतिगृहांत तो वाढला, आणि पुढे काकाच्या हाताखाली मोजणीचं काम शिकायला सिडनीला. मुंबईचं त्याच्या चित्रांत काही उतरलंय असा दावा मी करणार नाही. चार वर्षांच्या मुलाच्या आठवणींवर समीक्षा उभी करणं हा आपल्याकडेही पसरत चाललेला रोग आहे. पण १८९०मध्ये मेलबर्न सोडून पॅरिसला गेल्यावर काँडरने नाव कमावलं ते रेशमी पंख्यांवर रंगवण्यासाठी. तुलूझ-लोत्रेकने त्याला रंगवलं. आधी पेटीचं झाकण, मग पंखा. चित्राला वस्तूचं अंग असावं ही त्याची गरज १९०९ साली मरेपर्यंत सुटलेली दिसत नाही.

या कथेतला एक चित्रकार मात्र त्या दालनात नव्हता. ईगलमाँटखालून वाहणाऱ्या याराच्याच वरच्या खोऱ्यात, हील्सव्हिलजवळ, कोरांडर्क ही आदिवासींची वसाहत होती. तिथे वुरुंजरी लोकांचा म्होरक्या विल्यम बराक त्याच वर्षांत चित्रं काढत होता. कागदावर, पुठ्ठ्यावर, जलरंगांबरोबर गेरू आणि कोळसा वापरून. त्याचा विषय नाचाचे सोहळे: अंगरखे पांघरलेल्या माणसांच्या रांगा, शेकोट्या, प्राणी. १८८६च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या माणसांना वसाहतीबाहेर काढायला सुरुवात झाली होती आणि कोरांडर्क रिकामं होत चाललं होतं. यारा नदीला बराकच्या भाषेत बिरारुंग म्हणतात. नऊ बाय पाचच्या फळ्यांवर त्या खोऱ्यात गवत आहे, मेंढ्या आहेत, पांढऱ्या झग्यातल्या मुली आहेत. बराकच्या माणसांपैकी कोणी नाही. दोन्ही प्रकारची चित्रं आज मेलबर्नच्या राष्ट्रीय दालनात आहेत आणि ती एका दुपारी बघितली की हायडलबर्गचा उजेड जरा वेगळा दिसायला लागतो.

मंडळी लवकरच पांगली. काँडर गेला, १८९१मध्ये जमिनीचा फुगा फुटला, बँका बुडाल्या, रॉबर्ट्स आणि स्ट्रीटन सिडनीच्या बंदराकाठी तंबूत राहायला गेले. 'हायडलबर्ग स्कूल' हे नाव सिडनी डिकिन्सन या अमेरिकन समीक्षकाने त्यांना १८९१मध्ये दिलं, मुक्काम हलल्यावर. एब्राहम्स १९०३ साली वारला.

१८३पैकी बऱ्याच चित्रांचा आज पत्ता नाही. कॅनव्हास गुंडाळून माळ्यावर ठेवला तरी चित्र म्हणून ओळखू येतो. झाकण पुन्हा झाकण होऊ शकतं. एखादी फळी समोर आली, तर संग्रहालयातले लोक आधी ती उलटी करतात. जाडी किती, कडेला बारीक खिळ्यांची भोकं आहेत का, पेटी चिकटवायच्या कागदी पट्टीचा डिंक राहिलाय का, मागे पेन्सिलीने काही लिहिलंय का, हे पाहतात. मग सूचिपत्रातलं नाव जुळवायचा प्रयत्न होतो, आणि त्यात संध्याकाळी, बहर आणि रस्ते इतके आहेत, की एकच नाव चार फळ्यांना सहज बसतं.